धाकटीच्या लॅपटॉपला गादी

५ तारीख, सोमवार

धाकटी आली. न कळवता. मी दुकानात एका आरामखुर्चीचा जुना काथ्या उपसत होते, नाकातोंडात धूळ, केसांत कापूस, आणि ही दारात उभी. पाठीवर पिशवी, उन्हानं रापलेली, तरी हसरी. कोपऱ्यात पेंगत बसलेले बाबा काठी न घेताच उठले. माझ्यासाठी शेवटचे कधी उठले होते ते आठवून पाहिलं. आठवलं नाही.

तिचं काम सगळ्यांना ठाऊक आहे, बाबांनी ठाऊक करून दिलंय. डोंगरातल्या गावागावांत जाते, विहिरींचं पाणी किती खाली गेलं ते मोजते आणि लॅपटॉपमध्ये भरते. तीन वर्षांचं मोजमाप. आज तो लॅपटॉप पिशवीतून निघाला तो जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. एक कोपरा तडकलाय. बसच्या फळीवरून पडला म्हणाली.

"असा नेतेस होय?" बाबा म्हणाले. "ताई करून देईल की कव्हर. आपलं दुकान गाद्या-गिर्द्यांचं आणि आपल्याच पोरीचं सामान टॉवेलात?"

ताई करून देईल. ताईला विचारायचं नसतं.

मग बाबांनी कपाटावरचा तपकिरी चामड्याचा तुकडा काढायला लावला. तो तुकडा मी दोनदा मागितला होता, माझ्या कामाच्या स्टुलासाठी. दोन्ही वेळा म्हणाले, राहू दे, काहीतरी चांगलं करू त्याचं. आज चांगलं निघालं.

मी जळत नाही. नुसतं लिहून ठेवतेय.

७ तारीख, बुधवार

दोन दिवस बाकीचं सगळं बाजूला ठेवून कव्हर केलं. करायचंच तर असं करावं की कुणाला नावं ठेवता येऊ नयेत. बाहेरून चामडं, आत फोमचे तीन थर, त्यातला मधला कडक, आणि सगळ्यांत आत लोकरीचं अस्तर. चेन अशी बसवली की पाणी शिरायचं नाही. लॅपटॉप घालून मी स्वतः टेबलावरून खाली टाकून दाखवला. धाकटीनं डोळे मिटून घेतले. काही झालं नाही.

ती म्हणाली, "ताई, फारच सुंदर झालंय. पण त्याला खालून थोडी हवा लागते ना, तर—"

मी म्हटलं, "अठ्ठावीस वर्षं मी हेच करतेय. तू पाणी मोज."

गप्प बसली. मला बरं वाटलं. नंतर तेवढंसं वाटलं नाही.

बाबांनी कव्हर मांडीवर घेतलं. हात थरथरतात, पण अंगठा शिवणीवरून फिरवला की टाका चुकलेला कळतो त्यांना. सगळ्या कडांवरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. एक शब्द नाही. सकाळी धाकटीनं पाणचट चहा केला तर "वा" म्हणाले होते.

८ तारीख, गुरुवार

गेली. शेजारच्या शिंपीणबाई दुकानात येऊन म्हणाल्या, "तुमची धाकटी म्हणजे घराचं नाव काढणार हो." मी म्हटलं, दुकानावर पाटी आहे, नाव तिथं आधीच काढलेलं आहे. त्यांना विनोद कळला नाही. मलाही तो विनोद वाटला नाही.

१३ तारीख, मंगळवार

परत आली, पण लॅपटॉप नाही. दुरुस्तीला टाकून आली. तिसऱ्या गावात काम चाललं असताना आपोआप बंद पडला म्हणे, हात लावला तर भाजत होता. नंतर दोन तास चालूच होईना.

बाबांनी विचारलं, "कव्हर कसं आहे?"

"कव्हर मस्त आहे. माझीच चूक. उन्हात राहिला."

माझ्याकडे न बघता म्हणाली. समजलं मला. कव्हराबद्दल दोन शब्द जास्त बोलली असती तर काय झिजली असती? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. परक्या कुणी करून दिलं असतं तर चार जणांना दाखवत फिरली असती.

जेवताना बातमी फोडली. मोठ्या ऑफिसात कायमची जागा निघालीय. वीस तारखेला समितीसमोर आपलं तीन वर्षांचं काम मांडायचं. लॅपटॉपमधले नकाशे, आकडे, फोटो, सगळं. ऑफिसात प्रत आहे पण ती गेल्या वर्षीची. बाबांचा घास हातातच राहिला. मी भांडी उचलली.

१४ तारीख, बुधवार

लॅपटॉप आणायला मला पाठवलं. धाकटीला घरी बसून तयारी करायचीय. मी काय, रिकामीच.

दुरुस्तीवाल्याला मी ओळखते, त्याची फिरती खुर्ची मीच दोनदा भरून दिलीय. कमी बोलणारा माणूस, पण आज बोलला. लॅपटॉप ठीक होता, आतला पंखा साफ केला म्हणाला. मग मी तो कव्हरमध्ये घालायला लागले तशी त्यानं हात आडवा धरला.

"हे कुठून आणलं?"

"का?"

"ही रजई आहे. कारागीर फार चांगला आहे, पण ही रजई आहे." कव्हर उलटंसुलटं केलं, आत हात घातला. "हात घालून बघा. माझा हात दोन मिनिटांत गरम झाला. या यंत्राला खालून आणि मागून श्वास असतो. तुमची बहीण झाकण मिटून आत घालत असेल, बरोबर? झाकण मिटलं म्हणजे ते झोपलं असं नाही. मध्येच जागं होतं, आतल्या आत काम करत बसतं आणि तापतं. थंडीत कदाचित खपलं असतं. या दिवसांत, दहा तासांच्या बसमध्ये, एकदा सगळं साठवणारी आतली चकती गेली की मग मी पण काही करू शकत नाही."

मी विचारलं, "मग करायचं काय?"

"पूर्ण बंद करायचा. नुसतं मिटायचं नाही. दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा, मग भरायचा. उन्हाच्या बाजूला ठेवायचा नाही, इंजिनावर ठेवायचा नाही. आणि यात तर नाहीच. सांगाल ना त्यांना?"

"सांगते."

कारागीर चांगला आहे, असं म्हणाला. कारागीर समोर उभी आहे हे त्याला सुचलं नाही, मीही सांगितलं नाही.

घरी आले तर बाबा आणि ती नकाशा पसरून बसलेले. बाबा बोट ठेवून विचारत होते, ही विहीर किती खोल, ती किती. मला पाहून धाकटी म्हणाली, "काही म्हणाला का गं तो?"

मी म्हटलं, "पंखा साफ केलाय."

१५ तारीख, गुरुवार

सांगितलं नाही. उद्या सांगते.

१७ तारीख, शनिवार

आज सांगणार होते. खरंच. ती अंगणात कपडे वाळत घालत होती, एकटी होती, मी दोरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभीसुद्धा राहिले. तेवढ्यात आतून बाबा कुणाला तरी फोनवर सांगताना ऐकू आले: "आमच्या घरातून पहिल्यांदा कुणी असं समितीपुढं उभं राहतंय." मग थोडं थांबून, "नाही, मोठी आहे ना इथं. मोठी आहे म्हणून तर सगळं चाललंय."

म्हणजे मोठी भार वाहणार आणि धाकटी उभी राहणार. मी ओला टॉवेल झटकला आणि आत आले.

आणि सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझी ताई रजई शिवते? बाबांच्या देखत? तिला दिसतंय की तापतं ते, शिकलेली आहे, तिनं काढावं शोधून. मी कुणाच्या वाटेत आडवी पडलेली नाही. नुसती गप्प आहे. गप्प राहणं म्हणजे काही करणं नव्हे.

हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. खोडत नाही.

१८ तारीख, रविवार

मी लॅपटॉप भरून देते म्हटलं तर धाकटी म्हणाली, "नको, माझं मी भरते." लॅपटॉप, कव्हर घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. माझा हातही लागू नये असं काय आहे त्यात? सांगायला हवं होतं असं आत्तापर्यंत वाटत होतं, ते या दाराच्या आवाजानं गेलं. बरं झालं नाही सांगितलं.

१९ तारीख, सोमवार. लिहायला सुरुवात केली तेव्हा दुपार होती

सकाळी सातच्या बसनं गेली. निघताना फुगलेलं कव्हर पिशवीत कोंबलेलं दिसलं, माझी चेन चमकत होती. छातीशी दोन जाड पुठ्ठ्यांच्या फाइली कवटाळलेल्या, नाडीनं बांधलेल्या. आत्तापासूनच साहेबीणबाई. बाबांच्या पाया पडली, माझ्याही पडायला वाकली तर मी म्हटलं, बस सुटेल.

ती गेल्यापासून एक टाका धड पडलेला नाही. दाभण अंगठ्यात गेला. आज पहिल्यांदा उकडतंय असं नाही, पण दुकानातला पत्रा असा तापलाय की हात टेकवत नाही. बस तर पूर्ण पत्र्याचीच. सारखा तो हात डोळ्यांपुढं येतो, दुरुस्तीवाल्याचा, कव्हरमध्ये घातलेला.

अकरा वाजता फोन लावला. लागला नाही. डोंगर सुरू झाला की लागत नाही. साडेअकराला पुन्हा. बाराला पुन्हा.

बाबा म्हणाले, "काय झालं?"

"धाकटीचं काहीतरी राहिलं."

"काय राहिलं?"

"सांगायचं राहिलं."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "फोमवाल्याची गाडी आलीय ना बाहेर? बस डोंगरातली गावं घेत वळसा घालून जाते, तो खालच्या सरळ रस्त्यानं दीड तासात फाट्यावर पोचतो. बस जेवायला तासभर थांबते तिथं. निघ."

दुकान उघडं टाकून निघाले. वही बरोबर घेतलीय, हे शेवटचं गाडीत लिहितेय.

२० तारीख, मंगळवार. परगावच्या लॉजमध्ये, सकाळी

कालचं लिहिते. आज नाही लिहिलं तर मी ते माझ्या सोयीनं बदलून टाकीन, मला माझी सवय माहीत आहे.

फोमवाल्याच्या गाडीत मागे फोमच्या गठ्ठ्यांचा डोंगर होता, मी पुढं त्याच्याशेजारी. त्यानं दोनदा विचारलं घरी सगळं ठीक ना, आणि मी दोनदा हो म्हटलं. फाट्यावर पोचलो तर बस उभी होती. लोक जेवून परतत होते. मी आत चढले. धाकटी मधल्या बाकावर, सावलीच्या बाजूला. मांडीवर त्या दोन फाइली.

"ताई?"

"लॅपटॉप काढ. कव्हरमधून काढ आधी."

तिनं फाइलींची नाडी सोडली. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये लॅपटॉप होता. थंड. बंद केलेला, दोन्ही बाजूंना पेन्सिली घालून मध्ये हवेला जागा ठेवलेली.

"मग कव्हरमध्ये काय आहे?"

"माझे कपडे. आणि चपला."

मी तिच्याशेजारी बसले. ती हळू आवाजात म्हणाली, "मला पहिल्याच फेरीत कळलं होतं गं. दुसऱ्या गावी कव्हरमधून काढला तेव्हाच भाजत होता. पण तू दोन दिवस मान वर न करता शिवलंस. बाबांसमोर कसं सांगणार? म्हटलं, तुझ्या डोळ्यांसमोरून कव्हर घेऊन जायचं आणि लॅपटॉप असा हातात धरायचा. काल दार लावून हेच करत होते."

खरं सांगते, पहिल्यांदा जे वाटलं ते हायसं नव्हतं. वाटलं, हिनं इथंही बाजी मारली. माझा अपमान होऊ नये म्हणून पुठ्ठे बांधणारी ही, आणि मी ती जी आहे ती. चांगुलपणातसुद्धा ही पुढं.

मग मी बोलून टाकलं. "मला बुधवारी कळलं. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. तुला सांग म्हणाला. मी नाही सांगितलं."

"विसरलीस?"

"नाही."

तिनं बोटं मोजल्यासारखी हलवली. "बुधवार ते सोमवार. पाच दिवस."

"हो."

"मी कव्हरमध्येच घालून नेला असता तर?"

ड्रायव्हर चढला, बस सुरू झाली, मी उतरले नाही आणि ती उतर म्हणाली नाही. कंडक्टर आला तेव्हा माझं तिकीट मीच काढलं. पुढचे चार तास आम्ही शेजारी बसलो होतो आणि एकीनंही दुसरीला पाणी विचारलं नाही. घाटात एकदा बस थांबली, ती उतरायला उठली. मी हात पुढं केला, म्हटलं दे, सांभाळते.

तिनं लॅपटॉप बरोबर नेला.

आईच्या अंत्ययात्रेत मी रडले नव्हते, बाबांना धरायचं होतं म्हणून. काल बसमध्ये रडले. खिडकीकडे तोंड करून. ती परत येऊन बसली तेव्हा तिला कळलं असणार.

२० तारीख, संध्याकाळ

सात जणांच्या समितीच्या खोलीबाहेर मी बाकावर बसून राहिले. बाकाचा फोम पार बसलेला, स्प्रिंग टोचत होती. एरवी दोन तासांचं काम. आतून तिचा आवाज येत होता. शब्द नाही, नुसता आवाज. न अडखळता. एकदा आतले सगळे हसले, तिनंच काहीतरी विनोद केला असणार. मलाही आत जाऊन बघावंसं वाटलं, आणि बघू नये असंही. अठ्ठावीस वर्षांत माझं बोलणं ऐकायला सात माणसं एका खोलीत कधी बसलेली नाहीत.

बाहेर आली, माझ्याशेजारी बसली. "झालं."

"चांगलं झालं?"

"चांगलं झालं. लॅपटॉप एकदाही अडला नाही."

मग ती म्हणाली, "तू असं का केलंस, एवढंच सांग."

मी सांगितलं. चामडं, चहा, "वा", काठी न घेता उठणं, सगळं. पन्नाशीला आलेल्या बाईच्या तोंडून ते इतकं पोरकट वाटलं की मध्येच थांबले.

ती म्हणाली, "बाबा पाहुण्यांना 'वा' म्हणतात, ताई. मला म्हणतात. तुझी शिवण बघून काही बोलत नाहीत, कारण त्यांना ती त्यांचीच वाटते. मी बारा वर्षांची असताना एकदा त्यांची कातर मागितली होती. म्हणाले, तू अभ्यास कर, हे ताई करेल. मी सगळे डोंगर फिरले, पण त्या कातरीला अजून हात लावलेला नाही." मग, "तुझा किती हेवा केला मी, तुला काय माहीत."

माझा हेवा? माझ्यात हेवा करण्यासारखं काय आहे? बोलायला हुशार आहे ती, मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असणार. पण इतक्या रागात असताना माणूस दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून कशाला बोलेल, हे काही केल्या कळत नाही.

२२ तारीख, गुरुवार

काल मी एकटीच परत आले. ती निकालासाठी थांबलीय.

बाबांना सगळं सांगितलं. पाच दिवससुद्धा. वाटलं रागावतील, किंवा निदान मान फिरवतील. त्यांनी विचारलं, "कव्हर कुठं आहे?"

ते मी परत आणलं होतं. आतले कपडे तिनं काढून घेतले होते.

"उसव," म्हणाले.

बसून दोघांनी उसवलं. मी टाके कापले, त्यांनी दोरे ओढले. हात थरथरतात त्यामुळे एकेक दोऱ्याला वेळ लागत होता, पण मी घाई केली नाही. लोकर काढली, फोमचे तिन्ही थर काढले. चामडं ठेवलं.

मी म्हटलं, "मार कोपऱ्यांना बसतो. फोम फक्त चार कोपऱ्यांना पुरे."

बाबा म्हणाले, "आणि खाली?"

"खुर्चीच्या पाठीला लावतो ती जाळी. दोन्ही बाजूंना बारीक लाकडी पट्ट्या, म्हणजे चामडं अंगाला चिकटणार नाही, मध्ये हवा खेळेल. मागच्या बाजूला खिडकी ठेवायची, जिथून पंखा श्वास घेतो."

"आणि तोंडाला?"

"चेन नको. झाकण आणि एक बटण. म्हणजे उघडून हात लावून बघता येईल, तापलंय का."

बाबा म्हणाले, "कातर घे." मग कातर माझ्या हातात देताना थांबले, आणि म्हणाले, "धाकटी आली की तिला पण एखादा कोपरा कापायला दे. लहानपणी मागायची. मी दिली नाही. वाटायचं, एक पोर यात अडकली तेवढं पुरे."

अडकली, म्हणाले. इतकी वर्षं मी समजत होते की मला दुकान दिलं आणि तिला जग. त्यांना वाटत होतं मला अडकवलं. यावर मला राग यायला हवा की दया, ते आज ठरत नाही. मी खडूनं माप आखलं.

२७ तारीख, मंगळवार

नवं कव्हर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं स्वतःचा लॅपटॉप चालू ठेवून तासभर आत घातला, मग हात लावून पाहिला. कोमट. म्हणाला, तरी पूर्ण बंद करूनच घालायचा, कव्हर कितीही चांगलं असलं तरी. कोणी केलं, विचारलं. या वेळी सांगितलं. आधीचंही मीच केलं होतं, हेही सांगितलं. तो ओशाळला. मला ते पाहून थोडी मजा आली.

३० तारीख, शुक्रवार

दुपारी धाकटीचा फोन आला. बाबांनी उचलला, ऐकत राहिले, मग फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून बसले. मला वाटलं काहीतरी वाईट झालं.

"मिळाली," ती म्हणाली. "पहिल्या तारखेपासून रुजू व्हायचंय. इथंच राहावं लागेल."

मी म्हटलं, "बाबा रडतायत."

"आणि तू?"

ओळखीची कळ आली. आता ती तिकडे, मोठ्या ऑफिसात, आणि इथं येणारे-जाणारे महिनोन्‌महिने तिचंच विचारणार. दोन आठवड्यांपूर्वी मी ही कळ लपवली असती.

"मी जळतेय," मी म्हटलं. "आणि कव्हर तयार आहे. चपलांना जागा नाही त्यात."

ती हसली नाही.

"ताई, मी रागावलेय अजून. तुझ्यासमोर हसीन बोलीन, पण आत आहे. इतक्यात जाणार नाही."

"राहू दे," मी म्हटलं. "राग ठेव. फक्त माझ्यासारखा पाच दिवस गप्प ठेवू नकोस. फोन करून भांड."

"रोज?"

"रोज."

"बरं," ती म्हणाली. "मग आजपासूनच. चामड्याचं मला आधी का नाही सांगितलंस? मी तो तुकडा घेतलाच नसता."

आणि आम्ही पाऊण तास भांडलो.